आत्याबाईंचा प्रेक्षक

नीलाताईंचे किस्से सांगावेत की नाही, याबद्दल माझ्या मनात शंका आहे. एक सांगायला घ्यावा तर तोवर शिरगावात दुसरा घडलेला असतो. शिवाय त्यातले निम्मे मला नीट कळलेलेच नाहीत!

नीलाताई म्हणजे टीव्हीवरच्या आत्याबाई. अर्धा तास तोंडाचा पट्टा चालवून शेवटी "मी बाई काही बोललेच नाही!" म्हणणाऱ्या. इतकी वर्षं ही विनोदी कामं करून जे मिळालं, त्यातून त्यांनी शिरगावला वाडी घेतली आणि टाकलेली, जखमी जनावरं सांभाळायला सुरुवात केली. मी तारापूरला शास्त्रज्ञ होतो. निवृत्त झाल्यावर तिथे मदतीला जाऊ लागलो. मदत होते की अडचण, हे विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.

*

एकदा बोईसरहून फोन आला. कारखान्यामागे पाइपात मांजर अडकलं होतं. आम्ही पोचलो तर कामगारांचा घोळका.

"आंटी, पहले एक डायलॉग!"

"पहले बिल्ली!" ताई म्हणाल्या.

मांजर काही हलेना. शेवटी ताईंनी पाइपात तोंड घालून आत्याबाईंच्या आवाजात ठणकावलं, "मी बाई काही बोललेच नाही!"

मांजर दुसऱ्या टोकाने बाहेर! टाळ्या पडल्या. त्या ताईंना होत्या की मांजराला, मला कळलं नाही.

*

आई नसलेलं बकरीचं पिल्लू ताई शूटिंगला घेऊन गेल्या. त्याने स्क्रिप्टची चार पानं खाल्ली. दिग्दर्शक भडकला.

लेखक मात्र गहिवरला. "राहू द्या हो. माझं लिखाण कुणाला तरी पचलं!"

मी त्याचं सांत्वन केलं. सगळे माझ्याकडे का बघत राहिले, कोण जाणे.

*

एका पत्रकार मुलीने विचारलं, "ताई, एवढे पुरस्कार मिळाले. ठेवलेत कुठे?"

"त्यातला कपासारखा होता तो अंगणात आहे. बाकीच्यात पाणी राहत नाही."

मुलगी बघायला गेली, तर कपावर कावळा बसलेला. तो उठेपर्यंत ती बिचारी फोटोसाठी थांबली. मला वाटतं, कावळ्यासकट घ्यायला हवा होता. 

*

आता राणीचं. राणी म्हणजे वाडीतली सगळ्यात म्हातारी, आंधळी कुत्री.

ताईंचं पाठांतर जनावरांना जेवण वाढताना चालतं. विनोद आला की त्या थांबतात, प्रेक्षकांच्या हसण्याला जागा ठेवतात. प्रेक्षक म्हणजे मी. मी हसलो की भाताचा डाव राणीच्या थाळीत पडतो. पण मला विनोद उशिरा कळतो.

"अहो सर, तुम्ही हसेपर्यंत माझा हात भरून येतो!"

गेल्या वर्षी ताईंचा घसा बसला. डॉक्टरांनी आवाज काढायचीच बंदी केली. राणीने जेवण सोडलं. सलाईन झालं. पोटात काही गेलं नाही तर ती वाचायची नाही, असं जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं.

"हिला तायचा आवाज पायजे, दुसरं काय नाय," स्वयंपाक करणारी देवकीबाई म्हणाली. तिने मोबाइलवर आत्याबाईंचा जुना भाग लावला.

"आमच्या ह्यांना लग्नाआधी चांगलं ऐकू यायचं हो!" आत्याबाई म्हणाल्या. मोबाइलमधले प्रेक्षक हसले, देवकीबाई हसली. राणीने कान टवकारले, पण थाळीला तोंड लावलं नाही.

मी विचार करत होतो. लग्नाचा आणि कानाचा संबंध काय? मग एकदम उजेड पडला. "हा हा!"

राणीने थाळीत तोंड घातलं!

ताईंचे डोळे भरून आले. त्यांनी खुणेने सांगितलं, पुढे लावा.

"मी माहेरी जाते म्हटलं," आत्याबाई म्हणाल्या, "तर ह्यांनी गाड्यांचं वेळापत्रक तोंडपाठ म्हणून दाखवलं!"

राणी खायची थांबली. आंधळा चेहरा माझ्याकडे वळवला.

"हसा ना वो सर!"

"अगं, पण गाडीची वेळ माहीत असणं चांगलंच ना?" मी कळवळून विचारलं. "यात विनोद कुठे हाय?" घाबरलो की मीही देवकीबाईसारखं 'हाय' म्हणतो.

ताई पदर तोंडात कोंबून मटकन खाली बसल्या. मी खोटं हसून पाहिलं. राणीने मान फिरवली.

अपराध्यासारखा मी घरी जायला रिक्षात बसलो. शिरगावचा किल्ला मागे पडला, आणि अचानक ते वेळापत्रक माझ्या डोक्यात शिरलं.

"वळव! रिक्षा वळव!"

"काय इसरलात काय, सर?"

मी दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून बोटांच्या फटींतून म्हणालो, "हसायचं राहिलंय! लवकर चल!"