लगद्यात गेलेली शेवटची पानं

लहान मुलांना भीतीच्या गोष्टी वाचायला देऊ नयेत, असं मुलीच्या ज्या मास्तरांनी मला समजावून सांगितलं, त्यांच्या टेबलावर तेव्हा निगडीची छडी होती. मी समोर उभी होते, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतलेला, आणि माझ्या तोंडून निघालं, "उपकार झाले, सर." त्या शब्दांचा राग मला अजून येतो. मास्तरांचाही येतो, पण माझा जास्त.

माझी शाळा सहावीतच सुटली. लग्न होऊन साक्रीकडून सिल्वासाला आले ती थेट तिथल्या डोकमर्डी वस्तीतल्या खोलीत. शिकलेल्या माणसापुढे उभं राहिलं की माझ्या पोटात गोळा यायचा, आणि गोळा आला की तोंडातून आभारच निघायचे. परमुलखात राहणाऱ्याला ही सवय लागते. कुणी ओरडलं तरी आपण म्हणायचं, बरं झालं सांगितलंत.

नव्वद सालाच्या आसपास मी जवळच्या मसाट गावात एका कंपनीत लागले. तिथं रद्दीचा लगदा करून पुठ्ठा बनवायचे आणि त्या पुठ्ठ्याचे धागा गुंडाळायचे कोन. आम्ही बायका रद्दी निवडायचो. वह्या-पुस्तकांची चकचकीत कव्हरं हौदात विरघळत नाहीत, वर तरंगतात, म्हणून ती आधी काढायची. सगळ्यांचा हात एकाच रीतीनं चालायचा: पुस्तक पालथं धरायचं, मागचं कव्हर हिसक्यानं ओढायचं, डिंकाला चिकटून आलेली पानं टोपलीत आणि कव्हर बाजूच्या ढिगात. मग पुढचं कव्हर. डोळ्यांनी बघायची गरजच नसायची.

तसंच मी एका पुस्तकाचं मागचं कव्हर फाडलं. टोपली भरली होती, एका बाईनं उचलून नेली आणि हौदात ओतली. मी पुस्तक उलटं केलं तर पुढच्या कव्हरवर एक मुलगी. हातात कंदील, पायऱ्या उतरत चाललेली. कंदिलाचा उजेड भिंतीवर पडलेला, पण मुलीची सावली नाही. मी पहिलं पान वाचलं, मग दुसरं.

"बेन, चोपडी वांचवानी नथी, फाडवानी छे," सुपरवायझर डोक्याशी येऊन म्हणाला. बायका हसल्या. मी घाबरून पुस्तक पुढं केलं. त्यानं चित्र बघितलं, माझ्याकडं बघितलं. "छोकरी छे ने घरे? लई जा. एक चोपडीमां शेठ कंई भुखे नहीं मरे." त्या माणसाचे आभार मी आजही मानते, आणि ते पोटातल्या गोळ्यामुळं नाही.

माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. मी पाळीवरून आले की आम्ही दोघी उंबऱ्यात बसून वाचायचो, दिवसाला एक प्रकरण. गोष्ट अशी: एका गावाच्या खाली एक नगर असतं. विहिरीतल्या पायऱ्यांनी खाली उतरायचं, तिथं चेहरा नसलेल्या धन्याचं काम करायचं आणि संध्याकाळी वर यायचं. पण प्रत्येक वेळी काहीतरी खालीच राहतं. आधी सावली, मग आवाज, शेवटी नाव. नाव गेलं की माणूस वर येत नाही. त्या मुलीची आई खाली अडकलेली, आणि मुलगी तिला आणायला निघालेली. मुलगी धन्यासमोर उभी राहते, तो हात पुढं करतो, आणि पानं संपतात. पुढची माझ्याच हातानं लगद्यात गेलेली.

"मग?" मुलीनं विचारलं.

"मग आणते ती आईला. लाडू वाटतात."

"हे पुस्तकातलं नाही. तू बनवतेस."

"कशावरून गं?"

"इतकं सोपं नसतं."

त्यानंतर ती बदलली. मी कामावरून आले की अंगणातल्या उन्हात माझ्या पायांकडं बघायची. मला नाव घ्यायला लावायची, आणि ते नाव तिचं नाही, माझं. "तुझं नाव सांग ना, आई." सुकलेल्या लगद्यानं पांढरे झालेले माझे हात ती घासून घासून धुवायची. शेजारीण म्हणाली, "पोरीले काहीतरी लागलंय, भगताकडे ने." मी तिला उडवून लावलं, पण आत घाबरले.

मग शाळेतून बोलावणं आलं. मास्तर कोकणातले, सरकारी नोकरीवर आलेले, बोलणं स्वच्छ. म्हणाले, "अहो बाई, ही मुलगी वर्गात भलत्या गोष्टी सांगून पोरींना रडवते. आणि चार दिवस झाले, शाळेत नाही. असंच चाललं तर पटावरून नाव कमी करावं लागेल." पुस्तक त्यांनी आधीच काढून घेतलं होतं. "असली भीती लहान मनावर बरी नव्हे."

घरून तर ती रोज दप्तर घेऊन निघत होती! पटावरून नाव कमी होणं म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको होतं. माझं असंच झालं होतं. आधी चार दिवस, मग चौदा, मग कुणी विचारलंही नाही. आणि अशा वेळी मी त्या माणसाला उपकार झाले म्हणाले.

रात्री मुलीला विचारलं, तर "उद्या जाते" एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीच्या वॉचमननं निरोप पाठवला. गेटसमोरच्या झाडाखाली माझी मुलगी दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. पाचवा दिवस. डोकमर्डीहून मसाटपर्यंत ट्रकच्या रस्त्यानं चालत यायची.

"इथं काय करतेस?"

"तू वर येतेस का बघते."

"कुठून वर?"

तेव्हा ती बोलली. "सर रोज म्हणतात. पाढे आले नाहीत तर मसाटच्या कंपनीत जाल. तिथं गेलेला संपतो. त्याचा माणूस राहत नाही. मी म्हटलं, माझी आई जाते. तर सगळे हसले."

म्हणजे पुस्तकातलं नगर कल्पनेतलं, म्हणून ते वाईट. आणि त्यांनी रोज फळ्यापुढं उभं राहून माझ्या कामाचं भूत केलं, ते शिक्षण! छडी चालते, टोमणा चालतो, फक्त कंदील घेतलेली मुलगी चालत नाही. निदान ती मुलगी आईला आणायला तरी निघाली होती. मास्तरांच्या गोष्टीत खाली गेलेल्यांना आणायला कुणीच जात नव्हतं.

आमच्या सुट्टीच्या दिवशी यंत्रं बंद असायची. सुपरवायझरला विचारून मी मुलीला आत नेलं. तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. रद्दीचा ढीग दाखवला, माझी बसायची जागा दाखवली. मग हौद.

"शेवट यात आहे?"

"हो. मीच टाकला. न बघता फाडला."

मी लाडूंचं काही बोलले नाही. ती हौदावर वाकली. मग बाही सारून कोपरापर्यंत हात आत घातला. मी ओरडणारच होते, पण तिनंच बाहेर काढला. पांढरा, ठिबकणारा.

"गार आहे," ती म्हणाली. मग बोटं नाकाशी नेली. "वास येतो."

दुसऱ्या सकाळी मी तिच्यासोबत शाळेत गेले. गोळा होताच पोटात. म्हटलं, "सर, पाढ्यांसाठी मारायचं तर मारा, पण मसाटचं भूत दाखवू नका. मी तिथून रोज परत येते."

"अहो बाई, मी मुलांच्या भल्यासाठीच..."

"आणि पुस्तक द्या आमचं."

त्यांनी खण उघडला. पुस्तक टेबलावर टाकलं, छडीच्या शेजारी. "घ्या. शेवट तर नाहीच त्याला. काय उपयोग?"

मुलीनं पुस्तक उचललं, दप्तरात घातलं, आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. तिथून म्हणाली, "मी बघितलाय, सर. आत हात घालून."

वर्गात कुणी हसलं नाही. मी बाहेर पडले. या वेळी आभार मानले नाहीत.