विहिरीच्या दोन टेपा

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी जळगावला रेडिओ केंद्रावर नैमित्तिक निवेदिका होते. कोऱ्या टेपांची कायम चणचण असायची, त्यामुळे जुनी ध्वनिमुद्रणं पुसून त्याच टेपा पुन्हा वापरायच्या. काय पुसायचं आणि काय ठेवायचं, हे ऐकून ठरवण्याचं काम आमच्या केंद्रप्रमुख साहेबांनी माझ्यावर सोपवलं होतं.

एका डब्यावर लाल शाईने 'जपून ठेवणे' असं लिहिलेलं होतं. आत चोपडा तालुक्यातल्या एका बौद्ध बाईंची दहा-बारा वर्षांपूर्वीची मुलाखत होती. त्या तरुण असताना गावची विहीर त्यांच्या वस्तीला कशी खुली झाली, ते त्या सांगत होत्या. मोठ्या मंडळींनी आपण होऊन बोलावलं, सगळ्यांनी मिळून पाणी भरलं, पेढे वाटले. समतेचा विषय निघाला की केंद्रावर हीच टेप लागायची. मीही ती घरी ऐकलेली होती आणि मला ती आवडायची.

त्या दिवशी हेडफोन लावून ऐकताना मला बाईंच्या आवाजामागे आणखी एक आवाज लागला. पुरुषाचा, दबका. मी टेप मागे घेतली, आवाज वाढवला.

"आपण होऊन बोलावलं, सांग," तो म्हणत होता.

मग बाई तेच म्हणायच्या. प्रत्येक उत्तराला असंच. इतकी वर्षं जिल्हाभर ऐकू गेलेलं हे बोलणं त्या बाईंचं नव्हतंच.

साहेबांना ऐकवलं. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं, नंतर उठून दार लोटून घेतलं. म्हणाले, आपल्याच टेपेवर आपण बोट ठेवतोय, जपून करा. आधी त्या बाईंना शोधा, त्यांची तयारी असेल तरच पुढचं.

बाई दीपनगरला सापडल्या. मुलगा तिथल्या वीज केंद्रात कामाला होता, कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये त्या त्याच्याकडे राहत होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. मी खांद्यावरचा टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवून जुनी मुलाखत लावली. अक्का मांडी घालून ऐकत होत्या. दबका आवाज आला तशी त्यांनी पदर तोंडाला लावला.

"आवाज मना शे," त्या म्हणाल्या, "पन बोलनं मनं नही. सरपंच मना जोडे बसेल व्हता." मुलाखतीच्या वेळी सरपंच शेजारी बसून त्यांना काय बोलायचं ते सांगत होता.

मुलगा ताडकन उठला आणि त्याने मशीन बंद केलं. तो रागावलेला नव्हता, घाबरलेला होता. आईचं माहेर आणि सासर एकाच गावात, मामा अजून तिथेच आहे, तो मला समजावू लागला, त्याच सरपंचांच्या केळीच्या बागेत रोज कामाला जातो. इथे आईने काही बोलावं आणि तिथे त्याने भोगावं, हे कसं चालेल? आईकडे वळून तो म्हणाला, जुनं झालं ते, आता कशाला? त्याची बायको आतल्या दारात उभी होती. तिने पोरांना बाहेर खेळायला पाठवलं.

अक्कांनी मुलाला बोलू दिलं. त्याचं संपल्यावर त्यांनी मला मशीन चालू करायला सांगितलं, आता सगळंच सांगायचं म्हणून.

"बठ्ठं सांगस आते. आमले पानी कोनी दिधं नही. आमी लिधं."

भर दुपारी वस्तीतल्या बायका घागरी घेऊन स्वतःच पाणी घ्यायला निघाल्या होत्या. विहिरीवर पोचल्या तर दोर काढून नेलेला. मग गुरांची दावी एकमेकांना बांधून त्यांनी घागर सोडली. पहिली घागर वर येते न येते तोच दगड सुरू झाले. अक्कांच्या जावेच्या कानशिलाला लागला आणि तो कान कायमचा गेला. तरी घागरी भरूनच बायका परतल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. दगड कुणी मारले, त्यांची नावं अक्कांनी न अडखळता सांगितली. मुलगा भिंतीकडे तोंड करून बसला होता. माझं लक्ष सारखं टेपच्या फिरत्या चक्राकडे जात होतं, मध्येच अडकेल अशी धास्ती वाटत होती.

साहेबांनी ती टेप ऐकली. नावं गाळावी लागतील, म्हणाले. मी अक्कांना तसं कळवलं. त्यांचा निरोप आला, "नावं काढी टाका. दगडं राहू द्या."

पण अक्कांच्या भावाचं काय, हे काही सुटेना. त्याच्या संमतीशिवाय टेप लावायची नाही, असं मी साहेबांना स्पष्ट सांगितलं. अक्कांकडून कळल्यावर आठवडाभराने तो स्वतःच केंद्रावर येऊन उभा राहिला. सडसडीत, पन्नाशीचा, धोतरावर केळीच्या चिकाचे काळे डाग. भांडायला आला असावा, असं वाटून मी साहेबांना बोलावून घेतलं. त्याने फक्त टेप ऐकायची आहे म्हणून सांगितलं. स्टुडिओतल्या खुर्चीवर बसायला तो तयार होईना, उभ्यानेच त्याने सगळं ऐकलं.

"अक्कानी सांगं ते खरं शे," तो म्हणाला. "लावा."

काम गेलं तर काय कराल, असं मी विचारलं. गाडीची वेळ झाली म्हणत तो बसस्टँडकडे निघून गेला.

संध्याकाळच्या ग्रामीण कार्यक्रमात टेप लागली तेव्हा ड्युटीवर मीच होते. ती संपायच्या आतच फोन वाजला. एका माणसाने गावाचं नाव घेऊन विचारलं, हे कुणाच्या परवानगीने चाललंय? केंद्राच्या, मी म्हटलं. पलीकडून फोन ठेवला गेला.

भावाला बागेत यायला मनाई झाली. गावात दुसऱ्या कुणीही त्याला काम दिलं नाही. महिना दीड महिना तो रोज सायकलने चोपड्याला जाऊन ट्रक भरायचा. त्या दिवसांत अक्कांना भेटायला जाण्याची माझी छाती झाली नाही.

जुनी टेप पुसायची का, असं साहेबांनी प्रसारणाआधीच विचारलं होतं. अक्का नको म्हणाल्या होत्या. कोण शेजारी बसलं की माणूस काय बोलतं, तेही लोकांना कळू दे. म्हणून दोन्ही टेपा एका डब्यात ठेवल्या.

पुढे चोपड्याच्याच एका बागायतदाराने भावाला कायमचं ठेवून घेतलं. नंतर सरपंचांकडून बोलावणं आलं, माल कापणीला आला होता आणि माणसं मिळत नव्हती. तो गेला नाही. शेवटी मी दीपनगरला गेले तेव्हा हे सांगताना अक्का पहिल्यांदाच माझ्यासमोर मोकळ्या हसल्या, आणि मुलानेच मला चहा आणून दिला.