दारावरची ओळ

आमच्या बुंगोमाच्या कोंबडी-उबवणी केंद्रात प्रोग्राम लिहिणारी एकटी नासिमियू. तीन वर्षं तात्पुरतीच, कायम होण्यावर सगळा जीव टांगलेला. स्वभावानं संशयी. प्रोग्रामच्या प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी ती एक ओळ घालायचीच : आत येतोय तो आकडा आहे की नुसती अक्षरं?

नैरोबीच्या मुख्य कचेरीतून गिटोंगा साहेब आले. काम बघून सगळ्यांदेखत हसले.

"हा प्रोग्राम आहे की तुझी सासू गं? ओसरीवर विचारते कोण तू, चुलीपाशी विचारते कोण तू! ही भाषा विश्वासावर चालते. चुकलं तर स्वतःच बोंबलते. काढ सगळं, मग तुझ्या कायमच्या कागदाचं बघू."

त्रेचाळीस ओळी होत्या. त्यातल्या बेचाळीस खरंच फालतू. एक मात्र दारावरची. कीबोर्डवरून येतं ते अक्षर म्हणूनच येतं. त्याचा आकडा करून, तपासून आत सोडणारी ती ओळ. नासिमियूला हे पक्कं ठाऊक होतं. साहेब पाठीशी उभे होते. तिनं त्रेचाळीसही उडवल्या.

दुसऱ्या सकाळी मकोखाबाबांनी, बावीस वर्षं अंडी उबवलेल्या माणसानं, रोजच्यासारखं टाकलं : दोन. एका कप्प्याला दोन मिनिटं जादा ऊब, कप्पे तीन. सहा मिनिटं व्हायला हवी होती. पण अक्षराला तिनानं गुणलं की ही भाषा बोंबलत नाही, तेच अक्षर तीनदा लिहून मोकळी होते : २२२. यंत्रानं दोनशे बावीस मिनिटं आग ओतली. नऊ हजार पिल्लं कवच टोचता टोचता आतच शिजली.

"काय दाबलंत?" साहेबांनी विचारलं.

"दोनच की. रोज दाबतो त्येच."

"भलतंच काहीतरी दाबलं असणार," नासिमियू म्हणाली. "डोळे गेलेत त्यांचे."

साहेबांनी लगेच मान डोलावली.

"पोरी," बाबा म्हणाले, "तुज्या लग्नात कोंबडा म्या दिला हुता गं."

शेजारच्या यंत्रावर मी होतो. अंडी फिरवत राहिलो.

दुपारी बाबांना घालवलं. अंडी चोरली नाहीत ना म्हणून फाटकावर त्यांची पिशवी उलटी करून पाहिली.

सोमवारी नासिमियूचा कागद आला. तिनं साहेबांना जेवायला बोलावलं, मक्याच्या उगालीबरोबर कोंबडीचा पोटा, मानाच्या पाहुण्यालाच देतात तो, त्यांच्या पानात वाढला. त्याआधी तिनं एक काम उरकलं होतं. दारावरची ओळ परत घातली होती, आणि पडद्यावर एक सूचना.

'कृपया आकडाच टाका.'

बाबांनी आकडाच टाकला होता.