हातभर लांब

आमच्या वॉर्डातल्या शांतामावशी कचऱ्याची पिशवी पायांपासून हातभर लांब धरून चालतात. मला ती त्यांची लकबच वाटायची.

काल रुग्णालयातल्या सुधारणांसाठी आम्हा नर्सची, मावशींची आणि अधीक्षकांची एकत्र बैठक झाली. "मोकळेपणानं बोला," साहेब म्हणाले. पण आम्हा नर्सना साहेबांसमोर तोंड उघडायची भीतीच वाटते. शेवटी मावशीच म्हणाल्या, "साहेब, एकदा आमची पिशवी उचलून चालून बघा."

साहेब हसतच वॉर्डात आले. पिशवी उचलून चार पावलं चालले. मावशी मागून म्हणाल्या, "जपून हं, कधीकधी आत सुई असते."

साहेबांचा हात आपोआप लांब गेला. हसू मावळलं. एकाची भीती दुसऱ्याच्या हातात गेल्याशिवाय काही बदलत नसावं. प्रत्येक खाटेजवळ सुयांसाठी जाड डबा ठेवायचं तिथंच ठरलं.

मावशींनी पिशवी परत घेतली, तशी मी पुढे झाले. साहेब समोरच उभे होते. तरी बोलले, "मावशी, थांबा. सकाळी घाईत मी त्यात उघडी सुई टाकलीय."