संध्याकाळची सुई

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून तिने एकतीस वर्षं काचा घासल्या. पुढे काउंटरवर गिऱ्हाइकं फ्रेमा लावून आरशात स्वतःला निरखत, आणि मागे ती, एक मशीन, पाण्याची बारीक धार आणि काचेचा पांढरा चिखल. गळ्यात दोरीला बांधलेलं एक छोटं भिंग कायम असे, म्हणून दुकानात सगळे तिला भिंगबाईच म्हणत. काचेवरचा केसाएवढा ओरखडा तिच्या नजरेतून सुटत नसे. मालक नव्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "आमच्या बाईंनी पास केलेली काच परत आली, तर मी दुकानाला कुलूप लावीन."

तिने लग्न केलं नाही. केलं नाही की झालं नाही, यावर नातेवाइकांनी दहा वर्षं डोकं चालवलं आणि मग तेही दमले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर होतं. सहा वर्षांपूर्वी मेहुणे गेले तेव्हा तिची मोठी बहीण तिथे राहायला आली.

ताई तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यामुळे भिंगबाईच्या वेण्या ताईने घातल्या, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सही ताईने केली, आणि पायात काटा गेला की "दुखणार नाही हं" असं म्हणून तो काढलाही ताईनेच. दुखायचं, पण भिंगबाई पाय मागे घ्यायची नाही. ताई येऊन राहिली तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या या बाईला पुन्हा कुणीतरी "जेवलीस का" विचारू लागलं. तिला ते फार आवडलं होतं, पण बोलून दाखवणं तिच्या स्वभावात नव्हतं.

घरात तिसरा जीव म्हणजे ठोकळा. दुकानाच्या मागच्या दाराशी, काचांच्या रिकाम्या खोक्यात सापडलेला राखाडी बोका. अकरा वर्षांत तो सात किलोंचा झाला आणि चारी बाजूंनी सारखाच दिसू लागला. आणला भिंगबाईने, पण दुपारी ती कामावर, त्यामुळे मांडी ताईची. ताई पुस्तक वाचायला बसली की हा पुस्तकावर.

मग एका थंडीत तो पाणी पिऊ लागला. वाटीतलं संपलं की मोरीत जाऊन गळका नळ चाटायचा. पोटभर खाऊनही पाठीचा कणा हाताला लागायला लागला. मागचे पाय तो टाचेवर टेकवून चालू लागला, तेव्हा दोघींनी त्याला पिशवीत घालून दवाखान्यात नेलं. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आणि बोलणं अगदी नेमकं. रक्त तपासून त्या म्हणाल्या, "साखर चारशे बारा. याला मधुमेह आहे. रोज दोनदा इन्सुलिन द्यावं लागेल, बारा तासांच्या अंतराने. घरी तुम्हीच द्यायचं."

"आम्ही?" भिंगबाई म्हणाली. आयुष्यात तिने बटण लावण्यापलीकडे सुई धरली नव्हती.

डॉक्टरांनी दोघी बहिणींना समोर बसवून शिकवलं. बाटली हलवायची नाही, तळहातांमध्ये हळू फिरवायची. सिरिंज लाल टोपणाचीच घ्यायची. माणसांची नारिंगी टोपणाची असते, तिच्यावरच्या रेघांचं माप वेगळं. आधी खायला घालायचं, खाल्लं तरच टोचायचं. कातडी चिमटीत उचलायची, तंबू झाला की त्याच्या बुडाशी सुई. एकच जागा सारखी टोचायची नाही, म्हणून सकाळी डावी बाजू, संध्याकाळी उजवी. रोज सकाळी टोचण्याआधी कानाच्या कडेतून रक्ताचा थेंब घेऊन मशीनवर साखर बघायची आणि वहीत लिहायची. एखादी वेळ चुकली तर चुकली, पुढच्या वेळी दुप्पट द्यायचं नाही. दोघींनी ओल्या स्पंजात साधं पाणी टोचून सराव केला. भिंगबाईची सुई दोनदा आरपार गेली. ताईची नाही.

भिंगबाईची कामाची वेळ बारा ते साडेआठ. सकाळी सातची सुई भिंगबाईची, हे उघडच होतं. संध्याकाळी सातचं काय, असा प्रश्न आला तेव्हा ताई म्हणाली, "एवढा कसला विचार करतेस? संध्याकाळ माझी. तू निश्चिंत कामावर जा."

आणि भिंगबाई निश्चिंत गेली.

पहिला आठवडा छान गेला. सकाळचा आकडा चारशेवरून तीनशेवर आला, मग अडीचशेवर. दुसऱ्या आठवड्यात तो पुन्हा चढला आणि खाली येईना. डॉक्टरांनी दर वेळच्या एका युनिटाचे दोन केले. मग तीन. दोन महिने होत आले तेव्हा चार. वहीत सकाळच्या रकान्यात भिंगबाईचं बारीक अक्षर, संध्याकाळच्या रकान्यात ताईचं गोल, ठसठशीत अक्षर: दोन दिले, तीन दिले, चार दिले. बाटली हिशोबाप्रमाणे उतरत होती. वापरलेल्या सिरिंजा झाकणाच्या डब्यात पडत होत्या.

एवढ्या दिवसांत एक गोष्ट मात्र बदलली. ठोकळा भिंगबाईला बघून पळू लागला. सकाळी तिच्या पायांचा आवाज आला की कपाटाखाली. ती पोटावर झोपून त्याला ओढून काढायची आणि कान टोचायची, मग पाठ. त्यानंतर तो दिवसभर तिच्याकडे पाठ करून बसायचा. संध्याकाळी मात्र तो आपण होऊन ताईच्या मागे आतल्या खोलीत जायचा. सुट्टीच्या दिवशी भिंगबाईने एकदा म्हटलं, "आज संध्याकाळचं मी देते, तू बस."

"नको गं," ताई म्हणाली. "तू आलीस की तो चुळबुळ करतो. माझ्याकडे कसा शहाण्यासारखा राहतो बघ." आणि दार लोटून घेतलं. दहा मिनिटांनी ठोकळा बाहेर आला तो घुरघुरतच.

"हाताला गुण असावा लागतो," ताई हसून म्हणाली. भिंगबाईही हसली. पण रात्रीची भांडी घासताना तिला वाटत राहिलं, की आपला हातच राकट असणार. काचेवर एवढा हलका चालतो, आणि जिवंत कातडीवर नाही.

चार युनिटांचं ठरलं त्या दिवशी डॉक्टरांनी वही बराच वेळ चाळली. "राग मानू नका," त्या म्हणाल्या, "पण दोन्ही वेळेला नक्की जातंय ना? एवढ्या डोसाला आकडा खाली यायला हवा होता."

ताई शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. तिने पिशवीचा बंद नीट केला.

भिंगबाईला राग आलाच. "डॉक्टर, माझ्या बहिणीचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. एक दिवस चुकलेला नाही. औषधात काही खोट असेल तर ते बघा, आमच्यावर कशाला संशय घेता?" एवढं लांब वाक्य ती कधी कुणाला बोलली नव्हती. डॉक्टरांनी माफी मागितली आणि चार लिहून दिले. जिना उतरताना ताई म्हणाली, "कशाला बोललीस एवढं?"

"तुझ्यावर घसरल्या म्हणून," भिंगबाई म्हणाली.

त्यानंतर दोन आठवड्यांनी ताई तीन दिवसांसाठी लेकीकडे गेली. भिंगबाईने मालकाकडून संध्याकाळी सहाला निघायची परवानगी घेतली होती. पहिल्या संध्याकाळी तिने ठोकळ्याला खायला घातलं, चार युनिटं भरली आणि उजव्या बाजूला टोचलं. तो असा फिरला, जणू काही भलतंच झालं. संध्याकाळी ताई नाही म्हणून बिथरलाय, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा आला एकशे अठ्ठेचाळीस. तिने मशीन उलटसुलट करून पाहिलं. कधी नव्हे तो एवढा सुंदर आकडा. शंभराच्या खाली गेला तर देऊ नका, असं डॉक्टरांच्या कागदावर होतं, आणि हा तर वर होता. लागू पडलं एकदाचं, असं म्हणत तिने डाव्या बाजूला चार टोचले.

साडेदहाला ती केस विंचरत होती. ठोकळा स्वयंपाकघरातून आला तो दारूड्यासारखा. भिंतीला खांदा लावून दोन पावलं चालला आणि कुशीवर पडला. डोळे उघडे, पण ते तिला बघत नव्हते. जबडा आपोआप हलत होता. तिने कपाटातला मध काढला, बोटाने त्याच्या हिरड्यांना चोळला, टॉवेलात गुंडाळलं आणि तीन मजले उतरून धावत सुटली. एका पायात घरातली चप्पल आणि दुसऱ्या पायात बाहेरची, हे तिला दवाखान्यात पोचल्यावर दिसलं.

साखर एकतीस होती. सलाईनमधून साखर गेली, आणि अर्ध्या तासाने त्याने कान हलवला. एक वाजता त्याने मान उचलली. मग डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "चार युनिटं तो दोन आठवडे पचवत होता आणि आज एकदम असा कोसळला. काल काय वेगळं झालं?"

"काही नाही. ताई गावाला गेलीय. संध्याकाळचं मी दिलं, एवढंच."

डॉक्टरांनी केस काढायचं मशीन घेतलं आणि ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंचा एकेक पट्टा साफ केला. "तुमच्या गळ्यात भिंग आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हीच बघा."

डाव्या बाजूला कातडीवर बारीक ठिपके होते. काही ताजे, काही वाळत आलेले, चार-पाच ठिकाणी छोट्या गाठी. तिच्याच हाताचं काम. उजव्या बाजूची कातडी कोऱ्या काचेसारखी होती. तिच्यावर एकच ठिपका होता, कालचा.

भिंगबाईने भिंग खाली ठेवलं. मग पुन्हा उचलून पाहिलं. ती तिसऱ्यांदा वाकली तेव्हा डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

तिने ताईला फोन केला नाही. दोन दिवस दवाखान्यात खेपा घातल्या, कामावर काचा घासल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिची एक काच परत आली. मालकाने कुलपाचं नाव काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताई आली. खांद्यावरची बॅग उतरवायच्या आधीच विचारलं, "ठोकळा कुठाय?"

"दवाखान्यात. साखर एकदम उतरली. जायचाच होता."

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. "तू... चारच्या चार दिलेस संध्याकाळी?"

एवढ्यावर सगळं संपलं. आणखी विचारायला काही उरलंच नाही.

"वहीत चारच लिहिलेत ना," भिंगबाई म्हणाली. "तुझ्या अक्षरात."

ताई बॅगेसकट खुर्चीवर बसली. मग ताई जमिनीकडे बघत सांगू लागली. पहिले पाच दिवस तिने दिलं. सहाव्या दिवशी सुई तिरकी लागली आणि तो ओरडला. दोन दिवस तिच्या मांडीवर आला नाही. "तो यायचा बंद झाला असता तर मला कोण होतं गं दिवसभर? तू बाराला जातेस, रात्री येतेस. म्हटलं, एक दिवस नाही दिलं तर काय होतंय. सकाळचं तर जातंय."

"आणि औषध?"

"बेसिनमध्ये सोडत होते. बाटली उतरायला हवी ना."

"आत दार लावून काय करायचीस?"

"खाजवायचे त्याला. मानेखाली."

भिंगबाईच्या डोळ्यांपुढे कपाटाखालचा अंधार आला, आणि त्यातले तिच्यापासून दूर सरकणारे दोन डोळे. अडीच महिने ती त्या घरातली टोचणारी होती, आणि ताई खाजवणारी.

"मला सांगायचं होतंस. मला टोचवत नाही, एवढं म्हणायचं. मी काम बदललं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं. माझ्यापायी तुझं काम सुटलं असतं."

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू शेजारी बसली होतीस, ताई. मी तुझ्यासाठी भांडले. तू पिशवीचा बंद नीट करत होतीस."

ताई रडली. भिंगबाईला रडू आलं नाही. तिने उठून गॅलरीची खिडकी उघडली.

ठोकळा वाचला. डोस पुन्हा एका युनिटापासून सुरू झाला, आणि दोनवर महिन्याभरात सकाळचा आकडा ताळ्यावर आला. इतकं सोपं होतं ते. भिंगबाई डॉक्टरांना म्हणाली, "त्या दिवशी मी तुम्हाला नको ते बोलले." डॉक्टर म्हणाल्या, "आणि मी ते ऐकून गप्प बसले. दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं." मालकाने तिची वेळ आठ ते पाच करून दिली. आता दोन्ही सुया तीच देते, आणि वहीत दोन्ही रकान्यांत तिचंच अक्षर असतं.

ताईला तिने घराबाहेर काढलं नाही. जाणार कुठे ती; लेकीकडे तीन दिवसांपलीकडे जागा नव्हती. आणि वेण्या घातलेल्या हातांना जा म्हणायचं तरी कसं. महिन्याभराने ताई म्हणाली, "मला पुन्हा शिकव. या खेपेला देईन." भिंगबाईने मान हलवली. "नको," एवढंच म्हणाली. ठोकळ्याला यातलं काही कळलं नाही. तो अजून ताईच्याच मांडीवर बसतो, आणि ते दिसलं की भिंगबाई आतल्या खोलीत जाते.

दोघी एकत्र जेवतात, एकमेकींची औषधं आणतात, शेजारणीच्या नकला करून हसतातही. फक्त झोपण्याआधी भिंगबाई विचारते, "ताई, गॅस बंद केलास?"

"हो, केला."

मग ती उठते, स्वयंपाकघरात जाते आणि बटणाला हात लावून बघते. ताई पलंगावरून हे बघते.