शेवटच्या नळाचं पाणी

पाणीपुरवठा खात्यात मी पाणी तपासायचो. हडपसरच्या पलीकडे, मांजरीच्या बाजूला माझा भाग. काम तसं सोपं. नळाचं पाणी छोट्या काचेच्या नळीत घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर त्यात क्लोरीन आहे, पाणी पिण्यालायक. नाही झालं तर धावपळ. नियम असा की टाकीजवळचं एक घर, मधलं एक आणि लाइनीच्या अगदी टोकाचं एक घर बघायचंच. कारण घोळ होतो तो टोकाला. तिथवर जाईपर्यंत क्लोरीन उरत नाही, आणि पाइप कुठे फुटला असेल तर गटाराचं पाणी आत शिरतं.

हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी घडाघडा सांगितलं असतं. पण टाकीजवळच्या घरातल्या काकू आलं घालून फक्कड चहा करायच्या, आणि टोकाच्या घराकडे जायचं म्हणजे नुसते खड्डे. तेव्हा मी काकूंच्याच नळाचं पाणी तपासायचो आणि तिन्ही घरांचे आकडे चहा पिता पिता तिथेच वहीत लिहून टाकायचो. टोकाचा जरा कमी लिहायचो, खरा वाटावा म्हणून. एवढी अक्कल मात्र होती.

टोकाच्या घरात एक मावशी राहायच्या. मुलगा कंपनीत कामाला, सून गरोदर. एकदा त्यांनी मला रस्त्यातच गाठलं.

"साहेब, पाण्याला वास येतोय हो. सकाळी तर लईच."

मला उशीर झाला होता, उन्हाने डोकं तापलं होतं. म्हटलं, "मावशी, कालच तपासलंय. पाणी चांगलं आहे. तुम्ही आधी हंडे घासत चला."

त्या ओशाळल्या. "तुम्ही तपासलंय म्हंजे मग चांगलंच असणार," म्हणाल्या. मी गाडीला किक मारली. खोटं कशाला बोलू, त्यांना गप्प केल्याचं बरंच वाटलं मला.

महिन्याभराने त्या गल्लीत काविळीचे पेशंट निघाले. मग मात्र मला तिथे जावंच लागलं. मावशींच्या दारात हंडे उपडे घातलेले, घासून घासून लख्ख. मी नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. पाणी होतं तसंच राहिलं. पुन्हा केलं, तरी तसंच.

मावशी शेजारीच उभ्या होत्या. "सून दवाखान्यात हाय," त्या म्हणाल्या. "सातवा महिना होता. लेकरू ऱ्हायलं नाही." मग उंबऱ्यावर बसल्या. "ती म्हणायची, पाणी उकळून घेऊ. मी म्हणाले, साहेबांनी तपासलंय, तूच बाहेरचं अबरचबर खात असशील. आजारी पडल्यावरबी तेच बोलले तिला. साहेब, तवा चांगलं होतं ना हो पाणी?"

"हो," मी म्हणालो. "तेव्हा चांगलं होतं."

दुसऱ्या दिवशी खोदल्यावर गटाराशेजारी फुटलेला पाइप सापडला. तो बदलला. माझी वही कुणी उघडूनही बघितली नाही.

त्यानंतर मी दर फेरीला टोकाच्या घरी जायला लागलो. एके दिवशी सुनेने दार उघडलं. अंगावर नुसती हाडं उरलेली. मी तपासत असताना ती नळीकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

"त्या वेळी खरंच तपासलं होतं का तुम्ही?" तिने हळूच विचारलं.

"आज पिवळं आलंय, बघा," मी नळी पुढे केली.

"आजचं नाही विचारलं मी."

मी काही बोलायच्या आत आतून मावशींचा आवाज आला, "साहेब आलेत का गं? चहा ठेव त्यांना."

तिने त्याच नळाचं पाणी पातेल्यात घेतलं आणि चहा ठेवला. कप माझ्या हातात देऊन समोर उभी राहिली. मी मान खाली घालून तो सगळा चहा प्यायलो आणि काही न सांगता निघून आलो.