पहिल्याच दिवशी दिलेला हात

२००६च्या वसंतात माझं पोस्टिंग अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका ट्रेनिंग कॅम्पवर झालं. तेव्हा मी अमेरिकन सैन्यात सार्जंट होतो. इराकला निघालेल्या तुकड्या आमच्याकडे सरावाला यायच्या. पाइनच्या जंगलात कंटेनर मांडून आम्ही एक इराकी गाव उभं केलं होतं. बाजार, मशीद, पोलीस ठाणं. मेजर वॉकरने मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुला मेकअप लागणार नाही. तू पोलीसप्रमुख."

मी मूळचा नागपूरचा. हसलो.

गावचा शेख व्हायचा करीम. हा मात्र खरा इराकी, बगदादमधला निवृत्त पोलीस अधिकारी, आता मिशिगनला मुलीकडे राहणारा. वयाने मोठा म्हणून मी त्याला काका म्हणायचो. अर्थ कळल्यावर तो मला नेफ्यू म्हणायला लागला.

सराव ठरलेला असे. लेफ्टनंटने ठाण्यात यायचं, विश्वास दाखवायला हेल्मेट काढून ठेवायचं, चहा घ्यायचा. कालपर्यंत सरकारवर गोळ्या झाडणाऱ्या शेखच्या माणसांना पोलिसात आणायचं. शेवटी शेखने हात द्यायचा. झाला समेट.

करीमला ते पटायचं नाही. "आमच्याकडे आधी मेलेल्यांचं बोलणं होतं. मग धरून नेलेल्यांचं. हात सगळ्यांत शेवटी. पहिल्याच दिवशी कुणी हात दिला, तर दार कुठे आहे ते बघून ठेवायचं."

त्या खेपेला लेफ्टनंट हेज आला. ओहायोचा, चोवीस वर्षांचा, सगळं मनापासून करणारा. करीम म्हणाला, "याला मी हात देणार नाही. इथे नापास झाला तर रात्री मेसमध्ये जेवेल. तिथे झाला तर?"

मी म्हणालो, "नाही म्हणा, काका. मी सांभाळतो."

परीक्षेच्या दिवशी वॉशिंग्टनहून पाहुणे आले. हेजने हेल्मेट काढलं, हात पुढे केला. करीम बसून राहिला. माझ्या कानातल्या रेडिओवर मेजर वॉकर बोलला.

"शेख अजून बसलाय का?"

"सर, तो नकार देतोय. खरं तर तिथे असंच होतं."

"पाहुण्यांना अकराला निघायचंय. समेट हवाय. ओव्हर."

"रॉजर."

मी वाकून म्हणालो, "हात द्या, काका."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग दिला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी मेसमध्ये हेजने विचारलं, "सार्जंट, तिथे खरंच असं असतं?" शेजारच्या टेबलावर करीमचा घास थांबला.

"साधारण असंच, सर."

करीमने त्याच रात्री बॅग भरली. "मला वाटलं, तू पोलिसाचं काम करतोयस. तू नुसते कपडे घातलेस."

हिवाळ्यात इराकहून बातमी आली. नव्याने उभारलेलं ठाणं. तिथल्या प्रमुखाने पहिल्याच दिवशी हात दिला. हेजने हेल्मेट काढून ठेवलं. चहा येण्याआधी गोळीबार झाला. त्या आठवड्यात मी पुढच्या तुकडीकडून तोच सराव करून घेत होतो. हेल्मेट, चहा, हात.

मला फसवलं गेलं, असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. मेजरने, पाहुण्यांनी. ते खोटं नाही. पण रॉजर मी म्हणालो होतो. आणि हेजने मेजरला विचारलं नव्हतं, मला विचारलं होतं.

२००८ मध्ये सैन्य सोडून नोकरीसाठी ओहायोतल्या डब्लिनला आलो. हेजचं गाव तिथून तासाभरावर. त्याच्या आईने दारातच माझा हात दोन्ही हातांत घेतला. "तुम्ही फार छान शिकवलंत, म्हणायचा."

मी हात सोडवून घेतला. "आधी त्याचं बोलू," म्हणालो, आणि सगळं सांगितलं. निघताना ती दारापर्यंत आली. हात दिला नाही. मीही पुढे केला नाही.

त्या खोलीत हेजबरोबर आणखी तिघं गेले. इराकी शिपायांची नावं आमच्याकडे कुणाला ठाऊक नव्हती. करीमने ती शोधून फोनवर सांगितली. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही.

लेफ्टनंट हेज. स्पेशालिस्ट ऑर्टिझ. शिपाई सलाम. शिपाई यूनिस.